हजार नावं, हजार बेल

वाई,
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

दुपारी बाराला तुझा फोन आला तेव्हा मी गाढ झोपेत होते. माझा आवाज ऐकून तू घाबरलीस, पण तब्येत ठणठणीत आहे गं. काल वैकुंठ चतुर्दशी होती आणि आमच्याकडे रात्रभर सहस्रनाम चाललं होतं. फोनवर सांगण्याइतकं ते थोडं नाही, म्हणून हे पत्र.

एरवी विष्णूला तुळस आणि शंकराला बेल, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. या एका रात्री उलटं. मध्यरात्री विष्णूला बेल वाहायचा आणि पहाटे शंकराला तुळस. उज्जैनला तर महाकाळाची स्वारी वाजतगाजत गोपाळ मंदिरात जाते आणि दोघा देवांच्या माळांची अदलाबदल होते. आम्ही दरवर्षी एकेक पान वाहून झोपायला मोकळे व्हायचो. यंदा सासूबाई अडून बसल्या, "डोळे आहेत तोवर एकदा हजार वाहायचेत." डोळे म्हणजे एका डोळ्याला दिसतं तेवढंच. मग ठरलं, नावं मी वाचायची आणि पान त्यांनी वाहायचं.

हजार बेल हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा. बेलाला काटे किती असतात ते आमच्या ह्यांना आणि भाऊजींना विचार, दोघांचे हात अजून ओरखडलेले आहेत. तोडून आणलेलं निवडताना निम्मं बाद. तिन्ही दळं शाबूत हवीत, भोक नको, कीड नको. जाऊबाई आणि मी माजघरात बसून एकेक पान उजेडाकडे धरून बघत होतो. धुऊन पंचावर पसरलं आणि शंभर-शंभराचे वाटे केले. तुळशीची निराळीच तऱ्हा. वृंदावनाला हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम. "परवा द्वादशीला लग्न लागलंय तिचं, नव्या नवरीला ओरबाडता होय?" मग शेजाऱ्यांच्या मळ्यातून आणली, तीही दिवेलागणीच्या आत, कारण अंधार पडल्यावर तुळशीला हात लावत नाहीत.

मांडणी साधीच होती. चौरंगावर ताम्हण, ताम्हणात शाळिग्राम, शेजारी समई. संकल्प झाला आणि साडेअकराला 'ॐ विश्वस्मै नमः' म्हणून सुरुवात केली.

तुला आठवतं, शाळेत असताना तुमच्या वाड्यात एकादशीला बायका सहस्रनाम म्हणायच्या? श्लोक कसे आगगाडीसारखे धडधडत जायचे, आणि आपलं लक्ष साबुदाण्याच्या खिचडीकडे. मला अजूनही तसं घाईचं म्हणणं फारसं रुचत नाही. माइक लावून केलेलं तर नाहीच नाही. नामावलीत ती घाई करताच येत नाही. प्रत्येक नाव चतुर्थी विभक्तीत, पुढे नमः, आणि सासूबाईंचा हात वाट्यातून पान उचलून, ते पालथं करून शाळिग्रामावर ठेवून परत येईपर्यंत मी थांबायचं. श्लोक म्हणताना एका ओळीत चार-पाच नावं निघून जातात, कळतही नाहीत. इथे प्रत्येक नावाला त्याची जागा मिळते. पंचवीस-तीस नावं होताहेत तोच आलं 'सर्वस्मै नमः, शर्वाय नमः, शिवाय नमः, स्थाणवे नमः'. विष्णूच्याच नावांत ही शंकराची नावं, आणि हातात बेल! इतकी वर्षं पाठ म्हणतेय, पण तिथे कधी थबकले नव्हते. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मग? भीष्मांना काय ठाऊक नव्हतं?" खरंच, महाभारतात एकाच अनुशासनपर्वात दोन्ही सहस्रनामं आहेत. विष्णूचं भीष्मांनी शरपंजरी सांगितलेलं, आणि शंकराचं सांगणारा कोण, तर साक्षात श्रीकृष्ण.

सातशेच्या पुढे गेल्यावर पुतण्या डुलक्या घेत होता. तेवढ्यात 'सवाय नमः'च्या मागून 'ॐ काय नमः' आलं आणि तो खाडकन जागा झाला. "काकू, काय नमः?" भाऊजी हसले, जाऊबाई हसल्या, सासूबाईंचं पान हातातच राहिलं. पुढचं नाव 'कस्मै नमः', म्हणजे 'कोणाला नमस्कार', ते म्हणताना मलाच हसू आवरेना.

गंमत मोजणीची झाली. चांगले वाटे करून ठेवलेले, तरी मांजर मध्ये आलं आणि शेवटच्या वाट्यातली काही पानं चौरंगाखाली उडाली. ती काही पुन्हा वाहता येईनात. शेवटाजवळचं 'शङ्खभृते नमः' आलं तेव्हा ताटात दोनच बेल उरलेले. पुराणातला विष्णू काशीला विश्वेश्वराला सहस्र कमळं वाहायला बसला, एक कमी पडलं, तर त्याने स्वतःचा डोळाच काढून वाहिला. शिवमहिम्न स्तोत्रात आहे बघ, 'हरिस्ते साहस्रं कमलबलिमाधाय पदयोः'. त्यावरच त्याला सुदर्शन मिळालं. आमच्या सासूबाईंनी 'बिल्वपत्राभावे अक्षतां समर्पयामि' म्हणून चिमूटभर अक्षता उचलल्या. 'चक्रिणे नमः'ला अक्षता, 'सर्वप्रहरणायुधाय नमः'लाही अक्षता. वर मला म्हणाल्या, "मला एकच डोळा आहे बाई, तो नाही द्यायचा."

आरती होईस्तोवर दीड वाजून गेला. शाळिग्राम बेलाखाली पार दिसेनासा झाला होता. मग सुंठ घातलेला चहा, आणि पहाटे घाटावर. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेल्या काशीविश्वेश्वराला तुळस वाहिली, पण तिथे पूर्ण सहस्रनाम जमलं नाही, अष्टोत्तरशतावर भागवलं. सासूबाईंना ते फारसं पटलेलं नाही. घरी येईपर्यंत त्यांचं एकच पालुपद, विष्णूचं हजार आणि शंकराचं एकशे आठ, हा कुठला न्याय?

तेव्हा पुढच्या वर्षी शंकराचं सहस्रनाम वाचायला तू ये. तुझे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत आणि जागरणाची तुला सवय आहे. दोन दिवस आधीच ये, बेल निवडायलाही हात लागतील. भाऊजींनी यंदाच जाहीर केलंय की ते पुन्हा झाडावर चढणार नाहीत, त्यामुळे तुमच्या ह्यांनाही घेऊन ये. येताना मोठा सुती पंचा आण, आमचा बेलाच्या डागांनी वाया गेला.

तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मंजू