माळ्यावर आधी कोण चढलं

बाळ्या,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही, माहितेय. शिव्या नंतर घाल. आम्ही सगळे ठीक, आबांचा गुडघा तसाच.

मागच्या आठवड्यात पाऊस पडला रे. वळीव कसला, आषाढासारखा झोडपत होता. २५ मेला मान्सून देवगडला टेकल्याचं जाहीर झालं, इथे त्याच्या आधीच गटारं भरलेली. आगोटीचं सामान आणलेलं नाही, पत्रे शाकारायचे राहिलेत, खळ्यात आंब्याची साठं वाळत घातलेली.

तुला लगेच २०२१ चा पूर आठवला असेल, भरती, कोळकेवाडी धरणाचं पाणी वगैरे. पण वाशिष्ठी नदी गप्प होती. आला तो मागचा परह्या, आपण खेकडे धरायचो तो ओढा, मेमध्ये ज्यात टाचसुद्धा भिजत नाही. वर रस्त्याच्या कामाची माती ओतून ठेवलीय, ती सगळी खाली येऊन मोरीच्या तोंडात बसली आणि पाणी वळलं ते थेट खळ्यात. वीस मिनिटांत. लालभडक पाणी आणि त्यात साठांची ताटं गोल गोल फिरतायत.

आता हे हिलाही सांगितलेलं नाही. पडवीच्या पायरीला पाणी लागलं आणि मी लॅपटॉप काखेत मारून माळ्यावर. शिडी कधी चढलो आठवत नाही. त्याच तुळईखाली जाऊन बसलो, आणि खालनं आबांचा आवाज, "अरे, काठी तरी देऊन जा."

बाळ्या, २१ ला ह्याच शिडीवरून आपण दोघांनी आबांना वर नेलं होतं. मी पुढे होतो, मी! (मागनं ढकलणाऱ्याचेच हाल होतात हे तुझं रडगाणं पाठ आहे मला.)

उतरलो तर आबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले, हाताला लागलेलं एक ताट धोतराने पुसत. "ह्याला काय पूर म्हणतात," एवढंच. पाणी उंबऱ्याला लागून गेलंही. एक शिवी हासडली असती तर सुटलो असतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी काठी सुतळीने शिडीच्या खालच्या पायरीलाच बांधून ठेवलीय. विचारायची हिंमत होत नाही.

आता सर आली की रात्री टॉर्च घेऊन परह्या बघून येतो. ही म्हणते, डायबिटीस तपासून घ्या. अजून अख्खा जुलै जायचाय.

धाकटीची ॲडमिशन झाली का? फ्लॅट कितव्या मजल्यावर घेतलास? तुझी बुलेट मी उतारावर लावली म्हणून बुडली, मान्य, चार वर्षांनी का होईना मान्य. आता तू खरं सांग, त्या रात्री माळ्यावर तू झोपला होतास की नुसते डोळे मिटून पडला होतास?

साठं ह्या वर्षी नाहीत. एक ताट वाचलंय, त्याला चिखलाचा वास येतो.

तुझा,
दत्त्या