मेन रोड आखण्याआधी एक सोमवार बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातल्या मेन रोडचे ‘सौंदर्यीकरण’ होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. सिमेंट रोड, मधोमध शोभेच्या झाडांचा दुभाजक, कडेला गट्टू म्हणजे सिमेंटचे ठोकळे, रंगीत पथदिवे. एसटी स्टँड ते गांधी चौक हा रस्ता पायी दहा मिनिटांचा. वडिलांपासून आमचे किराणा दुकान याच रस्त्यावर आहे. तरी काम निघाल्याचे मला कळले ते दोन पोरे टेप घेऊन आली आणि दुकानासमोरच्या कडुनिंबावर लाल फुली मारून गेली तेव्हा. विचारले तर म्हणाली, “काका, आम्ही फक्त मोजायला आलो.”

रस्ता सुधारायला माझा विरोध नाही. पावसाळ्यातला चिखल मीही तुडवतो. प्रश्न एवढाच, की हा रस्ता कोण वापरतो हे आखणाऱ्यांनी पाहिले का? मागच्या सोमवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, मी आणि दुकानातला पोऱ्या वहीत रेघा ओढत बसलो. पायी येणाऱ्यांच्या रेघांना दुपारपर्यंत दोन पाने लागली. चारचाकीच्या रेघा एका ओळीत मावल्या. खेड्यांवरून एसटीने आणि काळीपिवळीने आलेली माणसे स्टँडवर उतरतात. कृषी केंद्र, बँक, दवाखाना, गुजरी (भाजीबाजार) असे करत चौकापर्यंत जातात आणि संध्याकाळच्या गाडीला परत फिरतात. सगळे पायी, हातात थैल्या, कडेवर लेकरू. कृषी केंद्रे एका बाजूला, बँक दुसऱ्या बाजूला. मध्ये सलग दुभाजक झाला, तर डोक्यावर खताचे पोते घेतलेला माणूस तो ओलांडणार कुठून? वळसा घालून चौकातून येईल, असे कागदावरच वाटू शकते.

आणि कडुनिंब. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा या रस्त्यावर दुपारी जो काही धंदा होतो तो या पाच-सहा झाडांच्या सावलीत. दुभाजकातल्या शोभेच्या झुडपाखाली कोंबडीही बसणार नाही.

फुटपाथबद्दलही लिहितो. पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत (आयआरसी 103). चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेचा दगड 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, उंच नको. शेजारच्या एका गावात दीड फूट उंचीचा फुटपाथ बांधला. म्हाताऱ्यांना चढता येत नाही, म्हणून ते रस्त्यावरून चालतात आणि फुटपाथवर पानठेला उभा आहे. आता माझेही सांगतो, नाही तर लोक सांगतीलच. माझ्या दुकानाचा ओटा नालीवर दोन फूट पुढे आलेला आहे. सगळ्यांचे ओटे एका दिवशी मागे घ्यायचे ठरले तर पहिला माझा काढा. पण माझा काढायचा आणि चौकातल्या मोठ्या दुकानाचा ठेवायचा, हे चालणार नाही.

माझ्या व्यापारी भावांना भीती आहे, की गाड्या दुकानासमोर लागल्या नाहीत तर गिऱ्हाईक तुटेल. गाडी सुरू ठेवून एक बिस्कीटपुडा मागणारे गिऱ्हाईक मला माहीत आहे. महिन्याचे सामान पायी येणारेच नेतात, शिवाय बाजूच्या दुकानात बांगड्याही घेतात.

गुजरीतल्या बायांचे काय होणार, याबद्दल बातमीत अक्षर नव्हते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण व्हायला हवे. ते होऊन पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. सांबारवाल्या, म्हणजे कोथिंबीर विकणाऱ्या, मावशीला मी विचारले, अशी समिती ऐकली का? म्हणाली, “आमाले कोन इचारते भाऊ!” ती माझ्या वडिलांच्या काळापासून त्याच जागी बसते.

खरी गोम इथेच आहे. ग्रामपंचायत होती तोवर ग्रामसभा होती. वर्षातून चार तरी व्हायच्याच. भांडणे व्हायची, माइक हिसकला जायचा, एकदा खुर्च्याही उडाल्या. पण नालीचा हिशेब कुणीही उभे राहून मागू शके. नगरपंचायत झाली, बोर्ड बदलला, घरपट्टी बदलली आणि ग्रामसभा गेली. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्या बंधनकारक आहेत तीन लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या शहरांना. आमच्यासारख्यांना ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. याच विदर्भात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटले आणि एकमताने निर्णय घेऊन दाखवले. आम्ही गावाचे शहर झालो आणि रस्ता कसा हवा एवढे सांगायचीही जागा उरली नाही.

म्हणून नगरपंचायतीला विनंती, की काम सुरू होण्याआधी नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत स्टँडवर आणि चौकात लावा. सभागृहात सभा घेऊ नका, तिथे नेहमीचेच वीस जण येतात. आणि एका सोमवारी पूर्ण आराखडा रस्त्यावरच फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखा. दुभाजक इथे, फुटपाथ इथे, गुजरी इथे. दुभाजकाच्या जागी दोरी बांधा आणि दिवसभर बाजार त्यातूनच चालू द्या. कोण कुठे अडखळते, शाळा सुटल्यावर पोरी कुठून चालतात, शेवटच्या एसटीला धावणारा माणूस कुठून ओलांडतो, हे इंजिनिअर साहेबांनी माझ्या ओट्यावर बसून पाहावे. खर्च म्हणाल तर फक्कीचा आणि दोरीचा.

दोन्ही माझ्या दुकानातून देतो. आखणी मात्र पहाटे पाचलाच करावी लागेल, सहानंतर भाजीच्या गाड्या लागतात.

आपला,
एक किराणा दुकानदार
मेन रोड, जि. यवतमाळ