'जिभेवर ताबा नाही' हा आरोप थांबवा

महोदय,

माझ्या थोरल्या बहिणीने गेल्या वर्षी १२ किलो वजन उतरवले. यंदा त्यातले आठ किलो परत आले आणि नातलगांनी लगेच निकाल दिला, 'जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!' जिने गणपतीत घरादारासाठी मोदक वळले आणि स्वतः एकही तोंडात घातला नाही, तिला हे ऐकावे लागते याचा मला राग येतो.

वजन घटले की शरीर स्वस्थ बसत नाही. पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होते, भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना हे बदल वर्षभरानंतरही टिकलेले आढळले. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. म्हणजे जवळजवळ एका जेवणाचा फरक!

निश्चय लागतोच, त्याशिवाय पहाटे पाचला कोण चालायला उठेल? पण चहाबरोबर रोज फरसाणाचा डबा समोर येणाऱ्या घरात एकटीच्या निश्चयाने किती दिवस तग धरायचा? डॉक्टरांनीही तिला दोन मिनिटांत 'मनावर घ्या' एवढेच सांगून परत पाठवले. झोप, थायरॉइड, चालू असलेली औषधे, कशाचीच विचारपूस नाही. निदान तेवढी तरी व्हायला हवी होती.

- एक वाचक, नाशिक