आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी माळा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. पत्र्याखालच्या माळ्याच्या कामाचा ॲडव्हान्स मी देऊन टाकलाय. सोमवारी सावद्याहून माणसं येतील.

विचारायला हवं होतं, कळतंय. पण 'कूलर आहे ना' एवढंच उत्तर आलं असतं. पारा 45च्या वर असताना लाइट गेली की कूलर म्हणजे नुसती पेटी. मागच्या मे महिन्यात तुम्ही ओट्यावर भोवळ येऊन पडलात, तेव्हा मी पुण्यात एसीत बसले होते. आईने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. असू दे.

पत्रा तापतो, माळ्यावर हवा कोंडते आणि ती धग अर्ध्या रात्रीपर्यंत फळ्यांतून तुमच्या खाटेवर उतरते. म्हणून वळचणीला दोन्हीकडे जाळ्या आणि आढ्याजवळ दोन टर्बो पंखे. ते वाऱ्यावर आणि वर चढणाऱ्या गरम हवेवर फिरतात, विजेचं बिल नाही. खालून हवा शिरली तरच वरून निघते, तेव्हा धूळ येते म्हणून जाळ्यांत पोती कोंबायची नाहीत. आई, हे तुला. फळ्यांवर धग अडवायला रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीच्या गाद्या. थर्माकोल स्वस्त पडत होतं, पण ते पेट घेतं आणि खाली तुझी चूल. थंडीतही घर ऊबदार राहील. सागाच्या एकाही फळीला धक्का लागणार नाही, घर आहे तसंच.

बिबड्या-पापडांचे डबे तेवढे खाली काढून ठेवा. मी तिथे चढून चोरायचे आणि बाबा म्हणायचे, "उंदीर फार झालेत." उंदराला दोन वेण्या असतात हे ठाऊक असूनही.

पण बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. डबे शेजारचा पोरगा उतरवेल. जुन्या वायरी गाद्या टाकायच्या आधी वायरमनला दाखवा. गाद्यांचं कुसळ खाजतं, घशात जातं, म्हणून ते दोन दिवस काकूकडे राहा. गोळ्यांचा डबा सोबत. भरीत काकूही चांगलं करते, हे आईला सांगू नका.

आखाजीला येतेय. झोका निंबालाच बांधा, माळ्याच्या तुळईला नको.

तुमची,
बेबी