बाक नसलेली शाळा

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

फोनवर तू विचारलंस, पोरीची शाळा कशी आहे, फी किती? मी ‘बरी आहे’ म्हणून विषय बदलला. दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

फी शून्य. सरकारी शाळा आहे. पण फुकट समजू नकोस. घरपट्टीतला मोठा वाटा शाळांकडे जातो. आणि घर ज्या हद्दीत, तीच शाळा. त्यामुळे घर बघायला आलेला आपला माणूस आधी शाळा विचारतो, मग छप्पर गळतं का ते. (आम्हीही तेच केलं. छप्पर गळतं.)

सप्टेंबरात इथे ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. त्या संध्याकाळी पालकांनी पोरांचं वेळापत्रक हातात घेऊन त्यांच्यासारखंच खोल्याखोल्यांतून फिरायचं. दहा मिनिटांचा एकेक तास. घंटा झाली की पळा. बीजगणितातून स्पॅनिशला जाताना मी वाट चुकलो आणि थेट जिममध्ये उगवलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (गावाचं नावच एडिसन!) की इथे तुकडी नावाची चीजच नाही! शिक्षक आपापल्या खोलीत, पोरं फिरती. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. आमची नववीतली, पण गणिताला दहावीच्या पोरांत.

आणि बाक नाही रे. एकट्याची खुर्ची, तिलाच जोडलेली फळी. पोट आत घेऊन बसलो, सवयीने डावीकडे सरकायला गेलो, तर कोपर लागायला कोणी नाही.

आठवी ब मध्ये तू माझ्या शेजारी आलास तो उंचीप्रमाणे बसवलं म्हणून. मला तू मुळीच आवडला नव्हतास. पहिल्याच आठवड्यात कर्कटकाने बाकावर मधोमध रेघ ओढली होतीस. तशी सक्तीची सोबत हिला कोण देणार? पहिले काही दिवस ती डबा घेऊन लायब्ररीत बसायची. जेवायला कुठल्या टेबलाशी बसायचं, हाच इथला सगळ्यात अवघड पेपर.

दर महिन्याला आगीची एक आणि सुरक्षेची एक कवायत असते, राज्याचा कायदाच आहे. परवाच्या कवायतीत, कोणी बंदूक घेऊन शाळेत घुसलंय असं समजून, दिवे घालवून, दाराला कडी लावून सगळे कोपऱ्यात गप्प बसले होते. तिने हे ‘मीठ दे’ म्हणावं तसं सांगितलं. मी उठून उगाच पाणी प्यायलो.

पण मार्चिंग बँडने तिला तारलं. शाळा उघडायच्या आधी, ऑगस्टच्या उन्हातच सराव सुरू होतो. ही क्लॅरिनेट वाजवते. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना (नाव फुटबॉल, खेळायचा हाताने), मध्यंतरात बँड मैदानात उतरतो. नियम मला अजून कळलेले नाहीत. मी मध्यंतराचीच वाट बघतो. वाजवत चालायचं, तेही पावलं मोजून, आणि रांगेत शेजारी कोण हे आधीच ठरलेलं. हिच्या उजवीकडे एक कोरियन मुलगी असते. काल घरी येऊन कुरकुरली, “बाबा, ती चालताना सारखी माझ्या जागेत घुसते!”

म्हटलं, मधे रेघ ओढून घे.

तुझा,
डाव्या बाजूचा