ड्युटी लिस्ट लागण्याआधी

मिरज

प्रिय मनू,

एमआरआयचा रिपोर्ट मिळाला. डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साठलेली गाठ, आणि गर्भाशयाच्या मागे आतडं चिकटलेलं. शौचाला बसलं की जीव जातो म्हणायचीस, ते यामुळेच. साध्या सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा हा आजार, बऱ्याचदा सुटतो, तरी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून तुला परत पाठवलं. जननक्षम वयातल्या दहा बायकांत साधारण एकीला हा आजार असतो, आणि निदानाला वर्षानुवर्षं जातात. पाळीत दुखणारच, हे घरात आणि ओपीडीत दोन्हीकडे आधीच ठरलेलं ना!

आता तुझ्या नर्सच्या ड्युटीचं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं तर कामचुकार समजतील, असं तुला वाटतं. मी निवृत्त होईपर्यंत वॉर्डची लिस्ट लावली, म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं सांगते. इन्चार्जला राग रजेचा येत नाही, आयत्या वेळच्या फोनचा येतो. पावणेआठला ‘सिस्टर, पोटात दुखतंय’ असा फोन आला, की रात्रभर उभ्या असलेल्या नाइटच्या मुलीला अजून थांब म्हणायचं कुठल्या तोंडाने? तेच आधी कागदावर असेल, तर लिस्ट पेन्सिलीने लावतानाच जागा सोडता येते.

तेव्हा डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घे. त्यात आजाराचं नाव हवं, नुसतं ‘पोटदुखी’ नको. सलग नाइट नकोत आणि दुखणं वाढलं असताना पेशंट उचलणं-सरकवणं नको, हेही लिहून घे. एक प्रत इन्चार्जना, एक मेट्रनना, आणि तिसरीवर पोच घेऊन ती स्वतःच्या फाइलला लाव. तोंडी सांगितलेलं इन्चार्ज बदलली की संपतं.

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस पाळीची रजा आहे. आपल्याकडे पुढारलेपणाच्या गप्पा भरपूर, रजेच्या नावाने शंख. अर्थात उद्या ती मिळाली तरी तुझं भागणार नाही. तुझं दुखणं कॅलेंडर बघून येत नाही.

आणि सहाची औषधं वाटायची आहेत म्हणून ड्रेसिंग रूममध्ये मैत्रिणीकडून डायक्लो हे दुखण्यावरचं इंजेक्शन मारून घेतेस, ते बंद कर. रात्रभर पोटात चहाशिवाय काही नाही, बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणी नाही, आणि वर ते इंजेक्शन! किडनीच्या पेशंटला डायक्लो लिहिलं तर तूच डॉक्टरांना अडवतेस. लिहून दिलेली दुखण्याची गोळीच घे, काहीतरी खाऊन, आणि कळ वाढायची वाट न बघता. डायनोजेस्ट, ती हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम रोज एकाच वेळी. मॉर्निंग असो की नाइट, मोबाइलला गजर लाव. सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग लागतील, म्हणून गोळी सोडू नको. मन फार उदास राहायला लागलं तर मात्र लगेच डॉक्टरांना सांग, या गोळीने तसं होऊ शकतं.

मावशीचं सुरूच आहे, ‘लग्न होऊन मूल झालं की आपोआप बरं होतं.’ या आजारावर इलाज म्हणून दिवस राहू द्या असा सल्ला देऊ नये, हे युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. तिला युरोप पटला नाही. मग विचारलं, ‘औषध म्हणून जावई आणायचा, तर डोस किती?’ तेव्हा गप्प बसली.

मुलाबाळांचं तुझं तू ठरव. फक्त सिस्ट काढायची निघालीच, तर आधी एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी, करून घे; त्या ऑपरेशनने ओव्हरीतली बीजं कमी होऊ शकतात. पुढच्या व्हिजिटला मी येते आहे, सकाळची कोयना धरेन. सर्टिफिकेटचा कच्चा मजकूर लिहूनच आणते, डॉक्टर घाईत असतात.

तुझी,
आई