गळ्याखाली पंखा आहे म्हणून भाऊ होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पुरवणीत मुलांच्या पानावर अ‍ॅनोल सरड्याचा फोटो होता, गळ्याखाली कातडीचा लालभडक पंखा उघडलेला. फोटो एक नंबर. पण खाली छापलं होतं की हा अमेरिकेतला शॅमेलिऑन असून आपल्याकडच्या पंखा उघडणाऱ्या सरड्याचा भाऊ आहे. या एका ओळीत दोन चुका आहेत आणि माझ्या दहावीतल्या मुलीने ती ओळ कापून वहीत चिकटवलीय, म्हणून लिहितोय.

अ‍ॅनोल शॅमेलिऑन नाही. रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनसारखा हिरव्याचा तपकिरी होतो म्हणून तिकडे विकणारे त्याला तसं म्हणायचे एवढंच, तो इग्वानाच्या बाजूचा. आपला पंखेवाला सरडा मात्र बागेत मान हलवत बसणाऱ्या नेहमीच्या सरड्याच्या घरातला, आणि ते घर शॅमेलिऑनला अ‍ॅनोलपेक्षा जवळचं. दोघांना पंखा मिळाला तो वेगवेगळा, काम मात्र तेच, मादीला दाखवायचं आणि दुसऱ्या नराला दटावायचं.

मला सगळ्यात भारी वाटते ती कॅरिबियन समुद्रातल्या क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्युर्तो रिको या चार बेटांची गोष्ट. बारीक फांदीवर राहणारा अ‍ॅनोल चारही बेटांवर सापडतो, सडपातळ, आखूड पायांचा. खोडाच्या खालच्या भागात राहून जमिनीवर झेप घेणारा लांब पायांचा, तोही चारही ठिकाणी. पूर्वी कोणालाही वाटलं असतं की सगळे फांदीवाले एका आईची लेकरं. तसं नाहीये. जीवशास्त्रज्ञ जोनाथन लोसोस आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये डीएनए वापरून दाखवलं की हे प्रकार बेटाबेटावर वेगवेगळे तयार झालेत, म्हणजे फांदीवर जगायचं तर अंग कसं लागतं त्याचं उत्तर निसर्गाने पुन्हा पुन्हा जवळपास तेच काढलं. अर्नेस्ट विल्यम्स यांनी 1972 मध्येच या राहणीवरच्या प्रकारांना इकोमॉर्फ म्हटलं होतं, असे सहा प्रकार धरतात, जमैकात त्यातले चारच आहेत.

वर्गीकरणाचं भांडण तर आपल्याकडच्या वाटणीसारखंच. अ‍ॅनोलच्या जाती 400 च्या वर. 2012 मध्ये निकोलसन आणि सहकारी शास्त्रज्ञ म्हणाले एवढा पसारा एका नावाखाली नको, आठ वंश (जवळच्या जातींचे गट, इंग्रजीत जीनस) करा. पो आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मोठी वंशावळ काढली आणि अ‍ॅनोलिस हे एकच नाव ठेवलं, आतले गट दाखवले. सातबारा एकच ठेवायचा की आठ करायचे एवढाच प्रश्न, पण भाऊबंद कोण ते दोन्हीकडे वंशावळीवरूनच ठरवतात, चेहऱ्यावरून नाही. मला एकच नाव बरं वाटतं, जुनं काही शोधायला सोपं पडतं.

आणि उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं, जिराफाची मान, असंच मुलांच्या डोक्यात बसलंय. फ्लोरिडात 1995 मध्ये काही छोट्या बेटांवर संशोधकांनी बाहेरून आलेले तपकिरी अ‍ॅनोल सोडले, तर तिथले हिरवे झाडावर आणखी वर सरकले आणि 15 वर्षांत, म्हणजे साधारण 20 पिढ्यांत, त्यांच्या बोटांखालच्या चिकटणाऱ्या गाद्या मोठ्या झाल्या. 2017 मध्ये इर्मा आणि मारिया ही वादळं आली तेव्हा टर्क्स अँड कैकॉस बेटांवर योगायोगाने तिथल्या सरड्यांची वादळाच्या आधीची मापं घेतलेली होती. नंतर जाऊन बघितलं तर वाचलेल्यांच्या गाद्या सरासरीने मोठ्या आणि पुढचे पाय लांब निघाले, मग संशोधकांनी ब्लोअर (आमच्या फवारणीचा नाही, पाचोळा उडवायचा) लावून बघितलं की जोराच्या वाऱ्यात सरडा काठीला कसा धरून राहतो. मुलीला हे सांगितलं तर ती जेवायची थांबली.

आपल्याकडच्या पंखेवाल्यांसाठी तर 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी एका नव्या वंशाला नावच दिलं सारडा, आपल्याच सरडा शब्दावरून! त्यांच्या गळ्याचा निळा, काळा, नारिंगी पंखा अ‍ॅनोलपेक्षा तसूभरही कमी नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि हे सरडे वाढले, तो अभ्यास 2018 मध्ये जगभर गाजला. आणि आपण नाशिककर मुरमाड माळ दिसला की पडीक म्हणून मोकळे होतो, सरडा दिसला की पोरं दगड मारतात. चीड येते हो.

दुरुस्ती छापा, छोट्या अक्षरात नको, त्याच पानावर. आणि पुढच्या वेळी फोटो आपल्याकडचा घ्या. एप्रिल-मे मध्ये सिन्नरच्या बाजूच्या माळावर सकाळी ऊन तापायला लागलं की नर दगडावर चढून पंखा उघडतो, तुमच्या फोटोग्राफरला पाठवा, मी सोबत येतो. दगड मात्र एकही हलवायचा नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड, जि. नाशिक